भारी धानाचा नवा

सुखराम गभनेला पुंडलिकराव लांजेवार चाळीस वर्षं ओळखत होते, असं अड्याळच्या बाजारात कोणीही सांगेल. खुद्द पुंडलिकरावांना विचाराल, तर ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसतील आणि बऱ्याच वेळानं म्हणतील, "ओळखत होतो म्हंजे... तसा नाई." यात विनय वगैरे काही नाही. त्यांना खरंच फार थोडं ठाऊक होतं. सुखरामला बहिणी किती, त्याच्या उजव्या करंगळीचं पेर कशानं गेलं, तो घरी चिडायचा की गप्प राहायचा, देवाधर्माचं कितपत मानायचा, यातलं काहीच ते छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते. त्याच्या घराच्या अंगणापलीकडे ते कधी गेले नव्हते. बायकोचं नाव शकुनबाई आहे, हेही त्यांना कळलं ते एकदा मनीऑर्डरच्या फॉर्मवर.

ठाऊक होतं ते एवढंच: सुखराम बशीतला चहा फुंकर न मारता पितो. पहाड चढताना बोलत नाही आणि उतरताना थांबत नाही. आणि एका दिवसाच्या पहाडासाठी तो चार बाजार, म्हणजे चार आठवडे, आधीपासून बेत करतो.

पहाड म्हणजे कोसमडोंगरी. घाटावरच्या माणसानं पाहिली तर तो हसेल. याला पहाड म्हणता का, असं विचारेल. पण आपला हा धानाचा सपाट मुलूख. बांधीमागे बांधी, तलावामागे तलाव, आणि त्यात एकाएकी उठलेली ती जंगलानं झाकलेली पाठ. पोस्टाच्या खिडकीतून ती सरळ दिसे. पुंडलिकराव पवनीहून बदलून अड्याळच्या पोस्टात पोस्टमास्तर म्हणून आले तेव्हा तिशीत होते. गावात ओळख कोणाची नाही. दुपारी टपाल निघून गेलं की खिडकीतून पहाड बघत बसायचे. एक दिवस भिलाईच्या भावाला पत्र टाकायला एक उंच, काळासावळा शेतकरी आला. पत्र देऊन झालं तरी खिडकीतून हलेना.

"काय पाहून राहिला, मास्तर?"

"काही नाई. पहाड."

"लांबून पाहून काय दिसते? पुढच्या बाजारानंतर आमी चाललो वरतं. चाल."

पुंडलिकरावांना जायचं होतं का? नव्हतं. त्यांना उन्हात चक्कर येई. पण नाही म्हणणं त्यांना जन्मात कधी जमलं नाही. ते "बरं" म्हणाले. आणि एका "बरं"पायी पुढं तीस-बत्तीस वेळा ते कोसमडोंगरी चढले.

जाणारे चौघं. सुखराम, तो मोखेटोल्याचा, अगदी पहाडाच्या पायथ्याचा. किराणा दुकानवाले भय्याजी. गुलाब टेलर. आणि पुंडलिकराव. मोखेटोल्याच्या जुन्या घरांमध्ये रीत अशी, की सालचा नवा, म्हणजे नव्या धानाचा पहिला भात, आधी पहाडावर शिजायचा. माथ्यावर कोसमाच्या झाडाखाली तीन दगड आहेत. पहिला घास त्यांच्यापुढे ठेवायचा, मग आपण खायचं. आणि ज्यानं खाली घरी आधीच नवा खाल्ला, त्यानं पायथ्याच्या नाल्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. नाल्याशी सगळ्यांनी चपला काढायच्या. नवा खाल्लेल्यानं तिथंच बसून त्या राखायच्या. सुखरामच्या बापाच्या वेळी अख्खा टोला जात असे. सुखरामपर्यंत येताना तो एकटा उरला होता. म्हणून मग त्यानं बाजारातली माणसं गोळा केली.

या नियमात सापडले ते भय्याजी. एका वर्षी नाल्याशी चपला काढता काढता ते सहज बोलून गेले, "आज भूक नाई बापा तेवढी, सकाळी पोहे दाबून आलो."

सुखराम थांबला. "कोन्या धानाचे?"

"घरचेच."

"जुन्या का नव्या?"

भय्याजींनी आभाळाकडे पाहिलं. "अरे, पोहे म्हंजे भात होते का? पोहे ते पोहे!"

"धान त नवाच न? बसा इथंच."

"सुखराम, मी तेल आनलं, मीठ आनलं, वांगे आनले..."

"ते इकडं द्या."

भय्याजी दिवसभर चपला राखत बसले. संध्याकाळी तिघं खाली आले तर हे पळसाच्या सावलीत घोरताहेत आणि गुलाबची एक चप्पल कुत्र्यानं नेलेली. तेव्हापासून बाजारात त्यांना पाठीमागे "पोहेवाले" म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त गुलाबची होती.

बेताचे चार बाजार ठरलेले. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापणीला आला की पहिला बाजार. बाजारातलं काम उरकून चौघं मनोहरच्या चहाटपरीवर बसत. पहिल्या बाजारी फक्त दिवस ठरायचा. त्यातही सुखराम घाई करू देत नसे. कोणाचा चुरणा, म्हणजे मळणी, कधी, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचं शेत पाण्यात आहे, हे सगळं ऐकून मग बोट मोडून दिवस सांगे. दुसऱ्या बाजारी कोणी काय आणायचं. तांदूळ सुखरामचा, तेल-मीठ-वांगी भय्याजींची, भात शिजवायचा गंज गुलाबचा. पहिल्या वर्षी पुंडलिकरावांनी विचारलं, "मी काय आनू?" सुखरामनं त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याकडे पाहिलं. "तू काडीपेटी आन, मास्तर." तेव्हापासून दर वर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. बत्तीस वर्षं पुंडलिकरावांच्या वाट्याला काडीपेटीच आली. बढती झाली नाही. पण दुसऱ्या बाजारी ते प्रश्न विचारायचे मात्र, कारण नाही विचारलं तर सुखराम वाट बघत राही.

तिसऱ्या बाजारी वाट. कुठून चढायचं, कुठल्या नाल्यात पाणी आहे, फारेस्टवाला काय म्हणाला, रानडुकरं कुठल्या बाजूला उतरली आहेत. सुखराम ही वाट आधी एकट्यानं जाऊन बघून आलेला असे. आणि चौथ्या बाजारी काहीच नाही. नुसता चहा, आणि उठताना सुखरामनं एकेकाकडे बघून विचारायचं, "येनार न?" आणि त्यानं म्हणायचं, "येनार." बस.

कोणाला वाटेल, दोन तासांच्या चढाला एवढा खटाटोप कशाला? पुंडलिकरावांनाही आधी वाटे. पण पुढं त्यांच्या ध्यानात आलं, की वर्षभर ते ज्याची वाट बघतात तो पहाड नाही. ते चार बाजार आहेत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते काही होतं असं त्यांना वाटलं नाही.

मग एका पावसाळ्यात गुलाब गेला. त्या वर्षी कोणी बाजारात पहाडाचं नाव काढलं नाही. पुढं रोगाची साथ आली, बाजार बंद झाले. पुंडलिकरावांची बायको गेली. गुडघे धरले. भय्याजींनी दुकान मुलाकडे दिलं आणि ते गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून राहू लागले. बघता बघता सात वर्षं झाली. बाजारात सुखराम भेटे, दोघं मनोहरच्या टपरीवर चहा घेत. आता टपरी मनोहरच्या मुलाची, पण नाव मनोहरचंच. पहाड समोर दिसायचा, आणि दोघंही दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायचे.

यंदा पुंडलिकरावांच्या मुलानं, राजकुमारनं, ठरवलं की बाबांना आता नागपूरला न्यायचं. दिवाळी झाली की सामान हलवायचं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे. पुंडलिकराव "बरं" म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी ते पोस्टासमोरून चालले होते. पोस्ट आता दुसऱ्या इमारतीत गेलं आहे, तरी ते जुन्याच समोरून जातात. कोसमडोंगरीवर ऊन होतं. आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट आली: इथून जायच्या आधी एकदा वर जायचं आहे. सुखरामबरोबर. नंतर होणार नाही.

सुखरामला हे सांगायला त्यांना दोन बाजार लागले. पहिल्या बाजारी जीभ उचललीच नाही. दुसऱ्या बाजारी चहा संपला, सुखराम उठायला लागला, तेव्हा ते घाईघाईनं म्हणाले, "सुखरामभाऊ, हलका धान कापाले आला असन न?"

सुखराम परत बसला. त्यानं त्यांच्या पायांकडे बघितलं.

"गुडघ्यायले इचारलं का?"

"नाई."

"नकोच इचारू. ते नाईच म्हनतीन." मग त्यानं पोराला हाक दिली, "अजून दोन चहा आन गा," आणि बोटं मोडायला सुरुवात केली.

आणि पुन्हा ते सगळं झालं. दिवस ठरला, दिवाळीनंतरचा चौथा. बेताच्या दुसऱ्या बाजारी पुंडलिकरावांनी विचारलं, "मी काय आनू?" सुखरामनं त्यांच्या सदऱ्याकडे बघितलं, अगदी तसंच, आणि म्हणाला, "काडीपेटी." भय्याजींना विचारायला दोघं दुकानात गेले. भय्याजी खुर्चीतून म्हणाले, "मी नाल्यापर्यंत येतो. चपला राखाचा अनुभव आहे माया." तिसऱ्या बाजारी सुखराम वाट बघून आला होता. जुनी वाट घाणेरीनं गिळली होती. दोन दिवस कोयता घेऊन त्यानं ती मोकळी केली. शहात्तर वर्षांच्या माणसानं.

"तुयासाठी बसाच्या जागा पाहून ठेवल्या, मास्तर. सात. सपाट दगड पाहून लावले आहेत."

"सात लागतीन?"

"पाच लागतीन. दोन तू लाजशीन म्हनून."

दिवाळीला राजकुमार आणि सून रिता आले. रिता नागपूरचीच, कामाची, मोकळी. येताच तिनं माळा आवरला, भांडी बांधली, सासऱ्यांची औषधं एका डब्यात वार घालून लावली. पुंडलिकरावांची शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेली होती. चौथ्या बाजाराच्या तीन दिवस आधी बटईदारानं एक पिशवी तांदूळ आणून दिला, की बाबाजींना सांगा, या सालचा आहे. रितानं तो घेतला. दुपारी जेवायला बसले तेव्हा भात ताटात होता, वर तूप. पुंडलिकरावांनी वरण कालवलं, पहिला घास तोंडात घातला आणि कळलं. नव्या भाताला कळायला काही लागत नाही. तो बोटाला चिकटतो. त्याला एक गोडसर वास असतो.

घास तोंडात होता. रिता हातात भाताचं भांडं घेऊन उभी होती.

"बाबा, चांगला झाला न? नवा आहे म्हणून पाणी कमी घातलं. यूट्यूबवर पाहिलं."

काय करतील? घास थुंकतील? म्हणतील, की बाई, मला हा चालत नाही? तिनं 'का' विचारलं असतं, आणि मग त्यांना कोसमडोंगरी, तीन दगड, नाला, सगळं सांगावं लागलं असतं, आणि राजकुमार म्हणाला असता, बाबा, या गुडघ्यांनी? तुम्ही पहाड चढणार? त्यांनी घास गिळला. "चांगला झाला," म्हणाले. रितानं खूश होऊन आणखी एक डाव वाढला. तोही त्यांनी खाल्ला.

तीन दिवस ते तेच मनात घोळवत राहिले. कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. सुखराम विचारेल "येनार न?" आणि आपण म्हणू "येनार", आणि नाल्यात चपला काढून पलीकडे जाऊ. दगड काही बोलत नाहीत. हे त्यांनी स्वतःला पन्नासदा सांगून पाहिलं. आणि खरं सांगितलं तर काय होईल, तेही दिसत होतं. आपण भय्याजींच्या शेजारी पळसाखाली बसलेले, आणि सुखराम एकटा वर चाललेला.

चौथ्या बाजारी चहा संपला. सुखराम उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "येनार न?"

पुंडलिकरावांच्या तोंडून "येनार" निघेना.

"सुखरामभाऊ, मी खाल्ला."

"काय खाल्ला?"

"नवा."

सुखराम खाली बसला. "किती?"

"दोन डाव."

"चांगला लागला?"

पुंडलिकरावांना खोटं बोलवेना. "चांगला होता."

"काहून खाल्ला बापा?"

"सुनेनं वाढला. समोर उभी होती. नाई कसं म्हनू?"

सुखराम एकदम हसला. इतक्या जोरात, की मनोहरच्या पोरानं वळून बघितलं. "तुले नाई म्हनता येत असतं त पयल्यांदा तरी पहाडावर कायले आला असता!"

मग हसू ओसरलं. बशीतल्या उरलेल्या चहाच्या थेंबात बोट बुडवून लाकडी बाकावर रेघा ओढत राहिला. पुंडलिकरावांनी मान वर केली नाही. त्यांना वाटलं, आता म्हणेल, राहू दे मग.

"कोनता धान होता, मास्तर? हलका न?"

"हलका."

"मंग झालं. माया चिन्नोर भारी, उशिरा पिकनारा; अजून बांधीत उभा आहे. हिरवा आहे. भारी धानाचा नवा त कोनंच नाई खाल्ला अजून."

"असं चालते?"

"काहून नाई चालत?"

"तुमच्या बाबानं केलं होतं असं कधी?"

"बाबाले तुयासारखा मास्तर कुठी भेटला होता." तो उठला. "महिनाभर थांब. चिन्नोर कापला का जाऊ. घर कुठी पळून नाई जात नागपूरचं."

घर पळून जात नव्हतं, पण सामानाचा टेम्पो ठरला होता. त्या संध्याकाळी पुंडलिकरावांनी राजकुमारला सांगितलं, की मी आत्ता येत नाही, महिन्यानं येतो. राजकुमारनं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. राजकुमार वाद घालू लागला, तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "नाई. आत्ता नाई." त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. रिता म्हणाली, "राहू द्या न, बाबांचं काही काम असेल," आणि जाताना त्यांच्यासाठी औषधांचा दुसरा डबा भरून ठेवून गेली.

त्यानंतर तीन बाजार आले आणि गेले. तिन्ही बाजारी दोघं भेटले. बेत आता नव्यानं करण्यासारखा राहिला नव्हता. तरी सुखराम दर वेळी चिन्नोरची खबर सांगे. फुलला, दाणा भरला, पिवळा पडला. जणू एखाद्या पाहुण्याची गाडी कुठल्या स्टेशनात पोचली ते सांगावं तसं.

चौथ्या बाजाराच्या आधीच बातमी आली. भय्याजींच्या दुकानातून त्यांचा मुलगा धावत आला. मोखेटोल्यात चिन्नोरची कापणी चालू होती. अर्धी बांधी कापून झाल्यावर सुखराम धुऱ्यावर पाणी प्यायला बसला. विळा बाजूला ठेवला, गडवा तोंडाला लावला आणि तसाच आडवा झाला. कापणारे म्हणाले, आम्हाला वाटलं टेकला.

पुंडलिकराव हिशेब करत बसले. पहिला बेत ठरल्याप्रमाणे पार पडला असता, तर ते या दिवसाच्या तेवीस दिवस आधीच वर जाऊन आले असते. सुखराम वर जाऊन आला असता. सात वर्षांनी एकदा. दोन डाव भात. सुनेसमोर "नाही" हा एक शब्द निघाला असता तर.

तेरवीला ते मोखेटोल्याला गेले. पंगत उठली, माणसं पांगली, तरी त्यांचा पाय निघेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते त्या अंगणाच्या पलीकडे, ओसरीत बसले होते. शकुनबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोर जमिनीवर बसल्या. लहानखुरी, बारीक, पण डोळे तरतरीत. पुंडलिकरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग कसंबसं म्हणाले, "वहिनी, माझ्यामुळं थांबलं ते. मी नवा खाल्ला म्हनून."

"मले ठाऊक आहे."

"मी नसता खाल्ला त भाऊ गेले असते वर."

"भाऊजी, तुमच्या दोन डावानं मानूस मरते का?" त्या म्हणाल्या. "मंग आमच्या गावात कोनीच नाई उरलं असतं." त्यांनी पदरानं तांब्याचा काठ पुसला. "आन तुमीच खाल्ला का एकट्यानं? त्या दिवशी बाजारातून आले, सायकल भिंतीले लावली, आन म्हनते कसे, 'आज नव्याचा भात मांड.' मी म्हनलं, 'काहून जी? पहाड नाई का?' त म्हने, 'मास्तर एकटाच खाऊन बसला आहे.'"

पुंडलिकरावांनी पुन्हा चष्मा काढला.

"तीन डाव खाल्ले," शकुनबाई म्हणाल्या. "म्हने, मास्तरपेक्षा एक जास्त पाह्यजे."

तीन बाजार सुखराम त्यांच्यासमोर बसून चहा प्यायला होता. फुलला, दाणा भरला, पिवळा पडला. याबद्दल एक अक्षर नाही.

बाहेर अंगणात चिन्नोरचा पुंजणा रचून ठेवलेला होता आणि त्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. त्याच्यावरून कोसमडोंगरी दिसत होती, इतकी जवळ की झाडं वेगवेगळी मोजता यावीत. शकुनबाई तिकडे बघत म्हणाल्या, "जन्म गेला याच्या पायथ्याशी. वरतं नाई गेली कधी."

"काहून?"

"कोनी चाल म्हनलं नाई."

पुंडलिकरावांना एकदम शरम वाटली. बत्तीस वर्षं चौघं गेले, तांदूळ याच घरातून जायचा, याच बाईनं निवडलेला. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आयुष्यात कोणाला कुठं चला म्हणण्याची त्यांच्यावर वेळ आली नव्हती. लोक त्यांना म्हणत आणि ते "बरं" म्हणत.

"चला," ते म्हणाले.

शकुनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "कधी?"

"पुढच्या बाजारी दिवस ठरवू. मंग त्याच्या पुढच्या बाजारी कोनी काय आनाचं ते..."

"चार बाजार काय करता, भाऊजी? परवा चला. मी चिन्नोर कांडून ठेवतो."

परवाच्या दिवशी सकाळी भय्याजी मुलाच्या मोटारसायकलवर नाल्यापर्यंत आले आणि पळसाखाली सतरंजी टाकून बसले. "नवा खाल्ला का, भय्याजी?" शकुनबाईंनी विचारलं. "खाल्ला. मुद्दाम खाल्ला," ते म्हणाले. "कोनीतरी इथं पाह्यजे." मग चपला घेऊन त्यांनी आपल्या पुढ्यात ओळीनं मांडल्या.

वाट मोकळी होती. कोयत्यानं छाटलेल्या घाणेरीला कुठं कुठं नवे कोंब फुटले होते, तेवढंच. सपाट दगड जागच्या जागी होते. पहिल्या दगडाशी पुंडलिकराव बसले नाहीत, लाजले. दुसऱ्याशी बसले. त्यानंतर प्रत्येकाशी बसले. शकुनबाई मोजत होत्या. त्या पुढं होऊन दगड हातानं झाडायच्या आणि म्हणायच्या, "हा चौथा," "हा पाचवा." मध्ये एकदा त्यांनी मोहाच्या झाडाला हात लावला आणि म्हणाल्या, हे आपल्या वाडीतून दिसते. बाकी दोघं बोलले नाहीत. चढताना बोलायचं नसतं, हे कोणी कोणाला सांगितलं नाही.

माथ्यावर पोचायला दुपार झाली. कोसमाचं झाड, तीन दगड, मागे दगडी चुलीच्या काळ्या खुणा. खाली तलाव, बांध्या, अड्याळची घरं, लांब एक एसटी चाललेली. शकुनबाईंनी कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहिलं.

"इतंच?"

"इतंच," पुंडलिकराव म्हणाले.

"याच्यासाठी चार चार बाजार!" त्या म्हणाल्या आणि तोंडावर पदर घेतला. हसल्या की रडल्या ते पुंडलिकरावांनी बघितलं नाही. ते चूल मांडत होते.

शकुनबाईंनी गंजात तांदूळ वैरला. पुंडलिकरावांनी खिशातून काडीपेटी काढली. पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी पेटली. चिन्नोर शिजू लागला तसा त्याचा वास माथाभर झाला. पहिला घास शकुनबाईंनी तीन दगडांपुढे ठेवला. दुसरा थोडा बाजूला, जिथं बत्तीस वर्षं एक माणूस पाठ टेकून बसत असे त्या मुळाशी. मग दोघं जेवले.

आता नागपूरला कोणी विचारलं, तुमचा तो मित्र शेवटी काय म्हणाला, तर पुंडलिकरावांकडे सांगण्यासारखं काही नाही. त्या शेवटच्या, तिसऱ्या बाजाराची गोष्ट. सुखराम सायकलच्या कॅरियरला पिशवी बांधत होता, दोरी आखूड पडत होती, आणि त्याचं अर्धं लक्ष दोरीतच होतं.

"मास्तर, काडीपेटी."

"आनतो."

"त्या खेपेसारखी ओली नको आनू."

"ते सत्त्याण्णव साल होतं, सुखरामभाऊ."

"मंग? ओली होती का नोती?"

"होती."

"मंग. चाल, येतो."

"या."